बाणाच्या बुडाचा बंदोबस्त

शिकारीची वर्णने लिहिणाऱ्या थोर लेखकांनी, मग ते कोणत्याही मुलखाचे असोत, एक मोठा पक्षपात आजवर बिनबोभाट चालविलेला आहे: शस्त्राच्या टोकाचे गुणगान करताना त्यांची शाई कधी आटली नाही, आणि शस्त्राच्या बुडासाठी मात्र त्यांच्या दौतीतून एक थेंब बाहेर पडला नाही. टोकाला धार लावतात, टोकाला विष माखतात, दसऱ्याला टोकाची पूजा करतात. बूड बिचारे मागल्या मागे दोरीचा तडाखा खाते, बाणाला मार्गस्थ करते आणि यशाच्या पंचनाम्यात साक्षीदार म्हणूनसुद्धा त्याचे नाव कोठे लागत नाही. ज्याने उभी हयात महसूल खात्याच्या कचेरीत काढली, साहेबाच्या सहीखाली कागद सरकविण्याचे काम इमानेइतबारे केले आणि त्या सहीचा लौकिक साहेबाच्या पदरी पडताना निमूटपणे पाहिला, त्या माझ्यासारख्या माणसाला या अन्यायाची जात चांगली ओळखीची आहे.

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात मुलीकडे मुक्कामास असताना शेजारचे गृहस्थ शिकारी आहेत, असे जावईबापूंनी मला किंचित दबलेल्या आवाजात सांगितले, तेव्हा माझ्या मनश्चक्षूंपुढे जी मूर्ती उभी राहिली ती संस्थानी काळातील छायाचित्रांतली होती: एक पाय निपचित वाघावर, एक हात कमरेवर आणि मिशांना पीळ. प्रत्यक्षात एका सायंकाळी त्यांच्या गॅरेजच्या उघड्या दारातून जे दर्शन घडले ते एका स्थूल, सौम्य आणि चष्मा कपाळावर चढविलेल्या सेवानिवृत्त गृहस्थांचे होते. टेबलावर पांढरा कपडा अंथरून त्यावर त्यांनी सहा काळ्या काड्या समान अंतरावर मांडल्या होत्या, आणि शेजारी उघड्या ठेवलेल्या वहीत प्रत्येक काडीच्या नावे रकाने आखलेले होते. रकाने! परमुलखात अखेर मला माझा जातभाई भेटला होता.

त्या काड्या म्हणजे क्रॉसबोचे बाण. जाणकार मंडळी त्यांना बोल्ट म्हणतात. क्रॉसबो हे शस्त्र धनुष्य आणि बंदूक यांच्या मिश्रविवाहाचे अपत्य होय. दस्ता आणि घोडा बंदुकीकडून आलेला, कमान आणि दोरी धनुष्याकडून आलेली, आणि मध्यभागी एक सरळ पट्टी, जिच्या खाचेत बाण निजून राहतो. साध्या धनुष्यात दोरी ताणून धरण्याचे कष्ट धनुर्धराच्या दंडाला पडतात. येथे एकदा ती मागे ओढून खिट्टीत अडकविली की शिकारी झाडावरच्या मचाणात बसून खुशाल डुलकी घेऊ शकतो. ओढण्यास मात्र दीडशे ते दोनशे पौंडांचा जोर लागतो. हरणाच्या शिकारीसाठी हा जोर १२५ पौंडांहून कमी असता कामा नये, असा त्या राज्याचा कायदाच आहे. त्यामुळे हा भार निम्मा करणारी एक कप्पीची दोरी शेजारीबुवांनी खुंटीवर टांगून ठेवलेली होती. इतक्या जोराने सुटलेला वीस इंचांचा बाण सेकंदाला तीनशे फुटांहून अधिक वेगाने धावतो. आणि हा सारा प्रचंड जोर दोरीकडून बाणाकडे ज्याच्या मार्फत पोचता होतो तो दुवा म्हणजे बाणाच्या बुडात बसविलेला, बोटाच्या पेराहून लहान, प्लास्टिकचा एक तुकडा. त्याचे नाव नॉक. सहा बाणांचे सहा जुने नॉक बदलून सहा नवे बसविणे, एवढाच त्या दिवशीचा कार्यक्रम होता. मोसम सुरू होण्यास थोडेच दिवस उरले होते, आणि ते या कामाला पुरतील की नाही याची यजमानांना रास्त चिंता लागलेली होती.

या राज्याचा हरणांशी असलेला संबंध मोठा गुंतागुंतीचा आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १९५९ साली राज्यप्राण्याचा बहुमान देऊन त्यांनी त्याला सन्मानित केले आणि बंदुकीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी त्याला मारावयास जाता यावे म्हणून कित्येक ठिकाणी शाळांना सुट्टी देण्याचा प्रघात पाडला. धनुष्यबाणाचा मोसम त्याच्या आधी, पानगळीच्या ऐन भरात येतो. आणि २००९ पासून या मोसमात क्रॉसबोलाही सर्रास प्रवेश मिळाल्यामुळे ज्यांचे खांदे दुखतात असे वयस्क शिकारी पुन्हा कामावर रुजू झाले आहेत. माझ्या मुलीचे मत या बाबतीत पूर्णपणे शिकाऱ्यांच्या बाजूचे होते, कारण तिने हौसेने लावलेली होस्टाची रोपे हरणांनी रात्रीतून देठापर्यंत साफ केली होती. प्राणिमात्रांवरील दया ही बागेच्या कुंपणापर्यंतच टिकते, असे माझ्या ध्यानात आले.

आता नॉक म्हणजे काय, हा प्रश्न मी विचारावयास नको होता असे जावईबापूंचे म्हणणे. कारण शेजारीबुवांनी त्याचे उत्तर सूर्यास्तापर्यंत दिले. नॉकच्या मुख्य जाती तीन-चार. एक सपाट: त्याला खाच नाही, दोरी नुसती मागून येऊन त्याच्यावर आदळते, बाण कसाही फिरवून ठेवा, तक्रार नाही. दुसरा अर्धचंद्र: त्याला एक उथळ खाच असते आणि तीत दोरी बसते. तिसरा दोरीला जबड्यात घट्ट धरणारा, आणि चौथा अनेक बारीक खाचांचा, म्हणजे कोणत्या ना कोणत्या खाचेत दोरी सापडलीच पाहिजे अशा बेताने केलेला. अर्धचंद्रातून दोरी बाणाला जो अर्धचंद्र देते तो फार नेमका असतो खरा. पण त्यासाठी ती खाच दोरीच्या रेषेत अचूक आडवी असावी लागते. बाणाच्या तीन पिसांपैकी एक मुद्दाम निराळ्या रंगाचे असते, ते पट्टीच्या खाचेत खाली तोंड करून बसते, आणि नॉकची खाच त्या पिसाशी काटकोनात असली पाहिजे. ती किंचित तिरकी झाली की दोरी बाणाला ढकलण्याऐवजी त्याच्या वरून किंवा खालून सटकते. मग बाण जागच्या जागी लाजून पडतो आणि त्याला देण्यासाठी साठविलेला सगळा जोर कमानीच्या दोन्ही बाहूंत परत शिरतो. दोरी तुटते, बाहू दुभंगतात, कधी कधी चालविणाराही जायबंदी होतो.

कोणत्या क्रॉसबोला कोणता नॉक चालेल, हे ज्याने तो बनविला त्याच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि त्या हुकुमाचा भंग केल्यास दुरुस्तीची हमी रद्द समजावी, असेही लगोलग छापलेले असते. एका कारखान्याचा नॉक दुसऱ्या कारखान्याच्या बाणात बसेलच असे नाही. कारण बाणाच्या पोकळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि प्रत्येक कारखानदाराने आपापला हजारावा भाग पसंत केलेला आहे. मध्ययुगातील युरोपात ही कटकट नव्हती. तेव्हाच्या बहुतेक बोल्टांना नॉकच नसे. लाकडी काडीचे बूड नुसते तासून सरळ केले की भागत असे. तशा बोल्टांचाही इतका दरारा होता की ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसावर असली अस्त्रे चालवू नयेत असे फर्मान काढले. ते कोणी मनावर घेतले नाही. ११९९ साली इंग्लंडचा सिंहहृदयी राजा रिचर्ड फ्रान्समधील एका गढीसमोर क्रॉसबोचा बाण खांद्यात घेऊन मरणाला कारण मिळवून बसला. त्या बाणाचे बूड सपाट होते की अर्धचंद्र, याची चौकशी बखरकारांनी केली नाही, हे शेजारीबुवांना मनापासून खटकले.

जुना नॉक उपटण्याची क्रिया मी जवळ बसून पाहिली. त्यांनी प्रथम प्रत्येक बाण दिव्याजवळ धरून बुडाकडे भिंगातून निरखले. दोन नॉकांवर केसासारखी तड्याची रेघ होती, एकाचा ओठ दोरीने झिजून चपटा झाला होता, आणि उरलेले तिन्ही निर्दोष असूनही, घराण्यातील एकाला शिक्षा झाली की सर्वांवर जप्ती यावी त्या न्यायाने, त्यांनाही निरोप मिळाला. मग चामड्याचा तुकडा मध्ये घालून पकडीने नॉक धरावयाचा, हलके पिळावयाचे, पुन्हा उलट पिळावयाचे, आणि मन वळल्यासारखे वाटले की ओढावयाचे. पाच आले. सहाव्याची मान तुटली आणि देह आत राहिला.

येथे अडाणी माणूस बाणाचे बूड मेणबत्तीवर धरतो. कार्बनचे तंतू ज्या राळेने एकमेकांना बांधलेले असतात ती राळ उष्णतेने नासते, आणि वरून धडधाकट दिसणारा बाण आतून पोकळ निष्ठेचा होतो. तो पुढे सुटतानाच फुटला तर त्याच्या सुईसारख्या कुसळ्या हातात शिरतात. म्हणून शेजारीबुवांनी डबीतून एक बारीक स्क्रू निवडला. फार जाड स्क्रू घेतला तर बाण आतून फाकतो, आणि फार बारीक घेतला तर तो पकड धरीत नाही. तो त्यांनी त्या मृत नॉकच्या छातीत दोन-तीन वेढे फिरविला आणि श्वास रोखून पकडीने सरळ ओढला. ‘टप्’ असा एक क्षुद्र आवाज झाला. हरीण पाडल्यावर त्यांच्या मुखावर याहून अधिक तेज येत असेल असे मला वाटत नाही.

यानंतर काडीला बांधलेल्या कापसावर मद्यार्क घेऊन प्रत्येक पोकळी आतून पुसली गेली. नंतर कोरडा कापूस बाणाच्या अंगावरून टोकापासून बुडापर्यंत फिरविला गेला, कारण जेथे तंतू उघडा पडला असेल तेथे कापूस अडकतो. मग दोन्ही टोके धरून बाण किंचित वाकवायचा आणि कान लावून ऐकावयाचे. आतून करकर ऐकू आली तर बाण बाद. मी स्वतः एका बाणाला कान लावला. आतून काहीही ऐकू आले नाही, आणि सरकारी तपासणीत काहीही ऐकू न येणे हाच उत्तम निकाल असल्यामुळे मी तसा अहवाल दिला. तो रकान्यात चढला.

नवे नॉक बसविताना संकट आले. काही नॉक नुसते दाबून बसतात. यांच्या पाकिटावर मात्र एक बारीकसा थेंब चिकटद्रव्य लावण्याची सूचना होती. शेजारीबुवांनी तो थेंब लावला, नॉक पोकळीत सारला, निराळ्या रंगाच्या पिसाशी काटकोन जुळावा म्हणून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तो धरून सूक्ष्मपणे फिरविला, आणि काटकोन जुळल्याच्या समाधानात एक क्षण अधिक थांबले. तो क्षण त्या चिकटद्रव्याला पुरेसा होता. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात नंदिनी धेनूवर झडप घालणाऱ्या सिंहाला मारावयास दिलीप राजाने भात्यातून बाण काढू म्हटले, तो त्याची बोटे बाणाच्या पुंखालाच चिकटून राहिली आणि तो महापराक्रमी नृपती चित्रातल्यासारखा निश्चल झाला, ही कथा मी त्यांना त्याच वेळी सांगितली. त्यांना ती आवडली. फक्त राजाने पुढे काय केले हे त्यांनी जरा घाईने विचारले. राजाने गाईच्या बदल्यात स्वतःचा देह सिंहाला देऊ केला आणि त्या त्यागाने बोटे मोकळी झाली, असे मी म्हटल्यावर त्यांनी त्यागाचा मार्ग बाजूला ठेवून पत्नीला हाक मारली. ती माउली नखांचा रंग उतरविण्याचे द्रव्य घेऊन आली आणि पतीच्या चेहऱ्याकडे न पाहता, केवळ बोटांकडे पाहून, कापसाने त्यांची सुटका करून परत गेली. हा प्रसंग दर मोसमात घडत असावा, असे तिच्या चालीवरून वाटले. त्या द्रव्याने नॉकचे प्लास्टिक पांढुरके पडून त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटले, सबब क्रमांक चारचा नॉक रद्दबातल ठरवून त्याच्या जागी दुसरा मंजूर करण्यात आला.

मग तोलण्याचा विधी. बाणाचे वजन ग्रेनमध्ये करतात, आणि सात हजार ग्रेनांचा एक पौंड होतो. हा हिशेब ऐकून मला एकदम आमच्याकडील जुन्या सराफी मापांची याद आली, कारण तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. त्यांचा चारशे ग्रेनांचा बाण आमच्या हिशेबाने दोन तोळ्यांवर पाव तोळ्याला किंचित कमी असा भरत होता. ही माहिती मिळताच त्या सद्गृहस्थांनी वहीत ‘शेरा’ म्हणून एक नवा रकाना आखला आणि सहाही बाणांची वजने माझ्याकडून तोळ्यांत लिहून घेतली. एकंदर सोने असते तर मुलीचे लग्न बरे झाले असते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो मी वहीत लिहिला नाही.

भिंतीवर त्यांनी एक विचित्र वस्तू मढवून लावली होती: एका बाणाच्या बुडात दुसरा बाण अर्ध्यापर्यंत घुसून दोघेही कायमचे एकजीव झालेले. धनुर्धर लोक अशा नेमाला रॉबिन हूड म्हणतात. पहिला बाण लक्ष्याच्या मध्यावर रुतलेला असताना दुसरा नेमका त्याच्याच नॉकवर लागला म्हणजे हा चमत्कार घडतो, आणि नेमबाजीच्या या परमोच्च शिखरावर पोचणाऱ्याला बक्षीस काय, तर दोन बाण गमावणे. एकेका बाणाला दहा-पंधरा डॉलर मोजलेले असल्याने शहाणा नेमबाज सरावाच्या वेळी प्रत्येक बाण मुद्दाम निराळ्या ठिपक्यावर मारतो. प्रावीण्य वाढेल तसा खर्च वाढतो, म्हणून प्रावीण्याला आवर घालावा लागतो, हा नियम मी सरकारी नोकरीत अनेकांच्या बाबतीत पाहिला होता. तेथे तो लेखी नव्हता एवढेच.

एका निराळ्या डबीत दिव्याचे नॉक होते. दोरीचा धक्का बसताच त्यांच्या पोटातील इवलासा दिवा पेटतो, आणि तिन्हीसांजेच्या अंधारात बाण कोठे लागला, कोठे पडला, हे दुरून कळते. मूळ बाणाच्या मानाने त्यांची किंमत पाहता नाकापेक्षा मोती जड, हे तर झालेच, पण शब्दशः जडही होतात: बुडाशी वजन वाढले की बाणाचा तोल मागे सरकतो, मग टोकाशी वजन वाढवावे लागते, मग दुर्बिणीची खूण पुन्हा लावावी लागते. ते त्यांनी आणले होते, तोलले होते, वहीत चढविले होते आणि डबीत परत ठेवले होते.

महसुली माणसाला शेवटी कराचा विषय काढल्यावाचून राहवत नाही. या काडीवर सरकार काही घेते की नाही, असे मी विचारले, आणि शेजारीबुवांचा चेहरा उजळला. संघराज्याने १९३७ साली कायदा करून बंदुका आणि काडतुसांवरील जकात वन्य प्राण्यांच्या संवर्धनासाठी राखून ठेवली. १९७२ साली धनुष्यबाणाचे सामानही त्या कक्षेत घेतले गेले, आणि आज बाणाच्या काडीवर नगास इतके सेंट असा कर आहे. म्हणजे हरीण जगविण्याचा खर्च त्याला मारू इच्छिणारे देतात. अशी सुबक व्यवस्था आमच्या खात्यालाही कधी सुचली नाही. पण खरी मौज पुढेच आहे. २००८ साली अमेरिकेच्या पेढ्या कोसळू लागल्या आणि त्यांना तारण्यासाठी ७०० अब्ज डॉलरांचा कायदा तातडीने मंजूर झाला, त्या कायद्याच्या पोटात एक कलम असे होते की, मुलांच्या खेळण्यातील साध्या लाकडी बाणांना, त्यांची जाडी एका इंचाच्या सोळा भागांपैकी पाच भाग किंवा त्याहून कमी असल्यास, हा काडीकर माफ असावा. जगाची तिजोरी जळत असताना कोणीतरी कारकून शांतपणे बसून पोरांच्या बाणाची जाडी मोजत होता. त्या अनामिक बंधूला मी मनोमन मुजरा केला.

मोसमाच्या आदल्या रात्री मी सहज डोकावलो, तेव्हा सामानाची झडती चालू होती. सहा बाण, सहा नवे नॉक, पातीची टोके, कप्पीची दोरी, दोरीला लावावयाचे मेण, अंगाचा वास मारणारा साबण, उंचावरून पडू नये म्हणून कमरेचा पट्टा. परवान्याबरोबर मिळालेली चिठ्ठी तर त्यांनी पाण्याने भिजू नये म्हणून पारदर्शक पाकिटात घातली होती. हरीण पडले की ते जागचे हलविण्यापूर्वी ही चिठ्ठी भरून त्याच्या कानाला बांधावी लागते आणि दहा दिवसांच्या मुदतीत शिकार खात्याला वर्दी द्यावी लागते. शिंगे नसलेल्या हरणांचा परवाना मिळविण्यासाठी तर २०२३ पूर्वी गुलाबी लिफाफ्यात अर्ज घालून तो जिल्ह्याच्या खजिनदाराकडे टपालाने पाठवावा लागे. ते लिफाफे बंद झाल्याचे सांगताना शेजारीबुवांचा आवाज जड झाला, आणि माझाही.

मी चिठ्ठी हातात घेऊन व्यावसायिक नजरेने वाचली, आणि ती कशाने भरणार, असे विचारले. त्यांनी एकेक खिसा चाचपला. सुरी निघाली, हातमोजे निघाले, दिवा निघाला, दोन जादा नॉकही निघाले. लेखणी निघाली नाही. सेवानिवृत्तीनंतरही माझ्या सदऱ्याच्या खिशाला दोन बॉलपेने अडकविलेली असतात, त्यांतील एक मी त्यांना देऊ केले. त्यांनी ते उघडून, कागदाच्या कोपऱ्यावर गिरवून, चालते अशी खात्री करून घेतली, आभार मानले आणि काट्यावर ठेवले. नव्वद ग्रेन भरले. त्यांनी वही माझ्यापुढे सरकविली, आणि मी शेऱ्याच्या रकान्यात अर्धा तोळा असे लिहून खाली सही केली.